यंत्राच्या पोटातली दहा मिनिटं

मी नोकरीत नक्की काय करतो हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मलाही कळलं नव्हतं. आई पोलादपुरात शेजारणींना सांगायची, "तो थंड खोलीत बसतो आणि पेटीचा आवाज ऐकतो." यावर हसणारे पुष्कळ होते. आता निवृत्त होऊन घरी बसल्यावर वाटतं, माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन कंपनीच्या नेमणूकपत्रातही नव्हतं.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. महाडच्या औद्योगिक वसाहतीत, रंगांना लागणारी रसायनं तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी काँप्युटर विभाग होतो. विभागात नव्हतो, विभागच होतो. शिलाई मशीनच्या टेबलाएवढं एक यंत्र आणि त्याला जोडलेली चार टर्मिनलं, म्हणजे हिरव्या अक्षरांचे पडदे आणि पुढे टाइप करायच्या पट्ट्या. एक प्रयोगशाळेत, एक मालाच्या गोदामात, एक गेटवर आणि एक आमच्या मॅनेजरांच्या, म्हणजे देवधर साहेबांच्या टेबलावर. शेवटच्यावर कायम क्रोशाचा रुमाल घातलेला असायचा, त्यामुळे ते बिघडण्याचा प्रश्नच नव्हता.

सगळ्या कारखान्यात थंड हवेची खोली एकच, यंत्राची. आत येताना चपला बाहेर काढायचा नियम मी धुळीसाठी केला होता. लोकांनी त्याचा आपापल्या परीने अर्थ लावला आणि एप्रिल-मे महिन्यात दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी वाढली. मी कुणाला अडवलं नाही. एका दसऱ्याला मात्र कुणीतरी भक्तिभावाने यंत्राच्या हवा ओढणाऱ्या जाळीवरच हळदकुंकू वाहिलं. जाळीमागच्या पंख्याने ते मनापासून स्वीकारलं. आठवडाभर मी ब्रशने यंत्राची आतडी साफ करत होतो. पुढच्या वर्षीपासून पूजा टेबलाच्या पायाची करायची असा फतवा मी काढला.

आता थोडं धंद्यातलं सांगतो, म्हणजे पुढची भानगड कळेल. यंत्राकडे माहिती ठेवायला दोन जागा असतात. एक मेमरी: अतिशय चपळ, पण लहान, आणि वीज गेली की पाटी कोरी. दुसरी डिस्क: आत तबकड्या गरगर फिरतात आणि एक बारीक हात मागेपुढे सरकत त्यांच्यावर लिहितो-वाचतो. वीज गेली तरी तिथलं टिकतं. पण त्या हाताला जागेवर पोचायला वेळ लागतो, आणि यंत्राच्या हिशेबात तो वेळ फार मोठा असतो. आमच्याकडे डोंगरावरच्या वाडीत झऱ्याचं पाणी आणणारी बाई तांब्या-तांब्याने खेपा घालत नाही. हंडा-कळशी भरली की मगच चढण चढते. यंत्रही तेच करतं. आलेली नोंद लगेच डिस्कवर नेत नाही. मेमरीतल्या राखीव कप्प्यांत ठेवतं आणि ठरावीक सेकंदांनी साठलेलं सगळं एका खेपेत उतरवतं. उतरवतानाही आधी कोण आलं, नंतर कोण आलं हे बघत नाही. एसटी जशी वाटेतल्या गावांच्या क्रमाने माणसं सोडत जाते, तशी वाटेत येईल ती नोंद लिहीत जातं.

कप्पे किती असावेत आणि किती सेकंदांनी उतरवावं, हे आकडे यंत्राचा कारभार चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामात असतात. त्याला कर्नेल म्हणतात. हे आकडे जुळवणं ही माझी कला. आकडा बदलायचा, कर्नेल नव्याने बांधायला लावायचा, त्यात चाळीस मिनिटं घालवायची, जुना कर्नेल दुसऱ्या नावाने जपून ठेवायचा आणि यंत्र बंद करून चालू करायचं. उठलं तर उठलं. नाही उठलं तर घाम पुसत जुना कर्नेल चढवायचा आणि विचारणाऱ्याला सांगायचं की सर्व्हिसिंग चालू आहे. या सगळ्यात दिसण्यासारखं काही नाही. वेल्डिंग करणाऱ्याच्या निदान ठिणग्या उडतात.

माझ्या कलेला खरी चालना देणारा गुरू म्हणजे कंपनीची बस. पहिली पाळी तीनला सुटायची आणि बस तीन वाजून दहा मिनिटांनी गेटवरून निघायची, महाड करून पोलादपूरला. ड्रायव्हर इतका वक्तशीर की एकदा त्याने स्वतःच्या मेव्हण्याला मागे सोडलं होतं. बस चुकली की चालत हमरस्त्यावर यायचं आणि मुंबईहून भरून येणाऱ्या एसटीला हात दाखवायचा. ती आपल्याला धूळ दाखवायची. त्यातही उमरठच्या बाजूला जाणाऱ्यांचे हाल जास्त. पोलादपूरहून पुढची गाडी चुकली की दोन-अडीच तास स्टँडवर माशा मारत बसायचं.

आणि कारखान्याची रीत अशी की पाळी संपायला पंधरा मिनिटं उरल्याशिवाय कुणी नोंदी करायला बसायचं नाही. दिवसभराचा माल, दिवसभराच्या तपासण्या, दिवसभराच्या गाड्या, सगळं पावणेतीनला. चारही टर्मिनलांवर एकदम हल्ला. साहेबांचं टर्मिनल सोडून म्हणजे तीन. डिस्कचा हात खर्रखर्र करत वेड्यासारखा धावायचा, आणि बटण दाबल्यावर पडद्यावर 'नोंद झाली' हे दोन शब्द उमटायला अर्धं-पाऊण मिनिट लागायचं. अशा पंधरा-वीस नोंदी असल्या की बस गेलीच. दुसऱ्या दिवशी सगळे मला गाठायचे. "उतेकर, तुझ्या पेटीपायी काल सातला घरी पोचलो." मीही त्याच बसने जायचो आणि मीही सातलाच पोचायचो, पण त्याचं कुणाला काही नव्हतं.

तेव्हा मी कर्नेलला हात घातला. पहिल्या झटक्यात कप्पे शंभरावरून दीड हजारावर नेले. तरुणपणी माणूस असंच करतो. परिणाम असा झाला की कप्प्यांनीच सगळी मेमरी खाल्ली, प्रोग्रामांना बसायला जागा उरली नाही, आणि यंत्र बिचारं प्रोग्रामच डिस्कवर ने-आण करत बसलं. त्या दिवशी गेटवर एक टँकरवाला पावतीची वाट बघत होता. त्याने नळावर आंघोळ केली, कपडे धुतले, कपडे वाळले, तरी पावती छापून झाली नव्हती. जाताना तो मला म्हणाला, "भाऊ, हातानं लिवून दिला असतास तर आतापातुर पनवेल गाठला असता." मी जुना कर्नेल चढवला. मग तीन-चार आठवडे रोज थोडं थोडं वाढवत, डिस्कचा आवाज ऐकत, चारशेच्या आसपास नेमका आकडा शोधून काढला. पाऊण मिनिटाचं काम तीन सेकंदांवर आलं. इथे थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण मला आणखी हवं होतं. उरला होता दुसरा आकडा: साठलेलं किती सेकंदांनी उतरवायचं. तो होता तीस. मी विचार केला, ऐन गर्दीच्या वेळी उतरवायचं तरी कशाला? बस जाऊ दे, मग सावकाश उतरवेल. मी तीसचे सहाशे केले. सहाशे सेकंद म्हणजे दहा मिनिटं. यंत्राबरोबर आलेल्या जाड इंग्रजी पुस्तकात याबद्दल एक चौकट होती, की हा आकडा वाढवला आणि मध्येच वीज गेली तर तेवढ्या वेळातलं सगळं जाईल. ते पान पावसाळी बुरशीने पुढच्या पानाला चिकटलं होतं, असं मी नंतर बरीच वर्षं सांगत आलो. चिकटलेलं नव्हतं. मी ते वाचलं होतं.

ही गोष्ट बुधवारची. त्या दिवसापासून 'नोंद झाली' हे शब्द बोट उचलायच्या आत उमटू लागले. तीन वाजून आठ मिनिटांनी सगळे बसमध्ये. मला खिडकीची जागा मिळू लागली. कँटीनमध्ये न मागता दुसरा चहा येऊ लागला. देवधर साहेबांनी क्रोशाचा रुमाल काढून स्वतः एक नोंद करून पाहिली आणि पुण्याच्या मुख्य कार्यालयाला माझी शिफारस करणारं पत्र पाठवलं. तिथे सगळ्या शाखांच्या यंत्रांवर देखरेख करणारी एक जागा निघणार होती. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सोमवारी त्यांनी फर्मान काढलं की आता काँप्युटर इतका झटपट झालाय, तर प्रयोगशाळेच्या लाल चिठ्ठ्या बंद.

लाल चिठ्ठी म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक बॅचचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जायचा. माल नापास झाला की प्रयोगशाळेचं माणूस स्वतः जाऊन पिंपांवर लाल चिठ्ठी डकवायचं. ती असेपर्यंत पिंप हलवायचं नाही. आता तीच गोष्ट फक्त टर्मिनलवर करायची: बॅचचा नंबर टाकायचा, पुढे 'होल्ड' लिहायचं. गोदामवाल्यांनी पडद्यावर बघायचं. होल्ड नसेल तर माल सोडायचा.

प्रयोगशाळेत पहिल्या पाळीला सुनंदा तांबे होत्या. पोलादपूरच्या पुढच्या एका गावातल्या बौद्धवाडीतल्या. वडील शाळेत मास्तर. महाडला राहून बी.एस्सी. झालेल्या त्या वाडीतल्या पहिल्याच. नोकरी लागली तेव्हा विहारात सगळ्यांना जमवून बातमी सांगितली गेली होती, आणि शंभर वर्षांच्या वाटाव्यात अशा एका आजीने त्यांना विचारलं होतं, "म्हंजे गो, तू दवाई करतस का इख?" तांबेबाईंनी सांगितलं, "अजून ठरलं नाय, आजी." हा किस्सा त्यांनीच बसमध्ये सांगितला होता. बोलायला धारदार, कामाला त्याहून धारदार. त्यांची सहा महिन्यांची उमेदवारी त्या महिन्याच्या अखेरीला संपत होती आणि कायम होण्याचं पत्र यायचं होतं.

तर मंगळवार आला. आणि मंगळवार म्हणजे बाबूमामांचा वार, हे मी साफ विसरलो होतो.

बाबू पार्टे आमचे इलेक्ट्रिशियन. पंचेचाळिशीचे, उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरावर एका वाडीत घर, चार म्हशी, थोड्या शेळ्या. आठवडाभर महाडात खोली करून राहायचे, सुट्टीला म्हशींकडे. दर मंगळवारी सव्वातीनला, पहिली पाळी गेली आणि दुसरी स्थिरावली की, ते लाइन तोडून जनरेटर चालवून बघायचे. त्यात अर्धं मिनिट कारखाना अंधारात जायचा आणि यंत्रही बंद पडायचं. कारण वीज गेल्यावर यंत्राला धरून ठेवणाऱ्या बॅटऱ्या पावसाळ्यातच मेल्या होत्या आणि नव्यांचं मागणीपत्र देवधर साहेबांच्या ट्रेमध्ये झोपलं होतं. पण त्याने कधी काही बिघडलं नव्हतं. सगळं तीस सेकंदांत डिस्कवर उतरलेलं असायचं. मी तर बसमध्ये असायचो. यंत्र पुन्हा कसं चालू करायचं हे मी बाबूमामांनाच शिकवून ठेवलं होतं: हे बटण दाबायचं आणि पडद्यावर अमुक शब्द येईपर्यंत चहा प्यायचा.

त्या मंगळवारी दुपारी एका बॅचमध्ये ओल जास्त निघाली. तांबेबाईंनी वहीत आकडा लिहिला, तीन वाजून सात मिनिटांनी टर्मिनलवर होल्ड टाकला, 'नोंद झाली' वाचलं आणि पळत येऊन बस पकडली. माझ्या पुढच्याच सीटवर बसल्या. मी म्हटलं, "बघा बाई, पूर्वी आत्ता तुम्ही निम्म्या नोंदींवर असता." त्या म्हणाल्या, "तुमचा फोटो लावते प्रयोगशाळेत." मी इतका खूश झालो की महाडचा स्टॉप कधी गेला कळलं नाही.

मागे सव्वातीनला बाबूमामांनी लाइन तोडली.

गोदामवाल्यांनी पाच वाजता पडदा बघितला. त्या बॅचपुढे काही नव्हतं. लाल चिठ्ठी तर सोमवारपासूनच नव्हती. पिंपं ट्रकवर चढली आणि आंबेनळी घाट चढून देशावर गेली. गुरुवारी सकाळी तिकडच्या गिऱ्हाइकाचा ट्रंक कॉल आला. त्याने पिंप उघडलं तर आत पावडरीऐवजी ढेकळं. तो देवधर साहेबांना काय काय बोलला ते मला माहीत नाही, पण साहेबांचे कान दुपारपर्यंत लाल होते.

तांबेबाईंना बोलावणं गेलं. मला पण, यंत्रात काय दिसतं ते सांगायला. साहेब म्हणाले, "वहीत तुम्ही नापास लिहिलंय. मग होल्ड का टाकला नाहीत?"

"टाकला, साहेब. तीन सातला. 'नोंद झाली' असं आलं."

"उतेकर, काय दिसतंय?"

मी बघितलं. होल्ड नव्हता. मंगळवार, तीन वाजून सात.  सगळं एका क्षणात लख्ख कळलं, आणि मी म्हणालो, "काही दिसत नाही, साहेब."

म्हणजे बघा, हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच त्याची लाज जास्त वाटते.

साहेब म्हणाले, "तांबेबाई, यंत्र विसरत नाही. बस पकडायच्या घाईत तुमच्याकडून राहिलं असणार. कबूल केलं असतंत तर वेगळी गोष्ट होती. तुमची उमेदवारी पुढे चालू ठेवता येईल असं वाटत नाही. शनिवारी पत्र तयार होईल."

बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. बाहेर आल्यावर त्यांनी मला थांबवलं. "उतेकर, एक विचारते. यंत्र 'नोंद झाली' म्हणतं तेव्हा ती झालेली असते ना?"

मी म्हणालो, "बघावं लागेल."

आजही दाढी करताना ते 'बघावं लागेल' आठवतं आणि हात थांबतो. बघण्यासारखं काही नव्हतं. त्या आकड्याबद्दल अख्ख्या महाडात मला एकट्याला माहीत होतं. गप्प राहिलो तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. आणि पुण्याची जागा जवळजवळ हातात होती. गुरुवार गेला. शुक्रवारी मी यंत्राच्या खोलीतून बाहेरच पडलो नाही. मनाशी नाना युक्त्या केल्या. गुपचूप तीस करून टाकावं, कुणाला कळणार नाही. बाईंना दुसरीकडे नोकरी मिळेल, हुशार आहेत. बॅटऱ्यांचा दोष आहे, मी तर मागणीपत्र दिलं होतं. असले विचार फार लवकर सुचतात आणि फार शहाणे वाटतात.

शुक्रवारी दुपारी बाबूमामा चपला काढून आत आले. मला वाटलं, थंड हवेला आले. ते यंत्राकडे बघत बसले आणि म्हणाले, "उतेकरभाऊ, मी काय शिकल्याला नाय. त्या पडद्यावरचा विंग्रजी मना काय समजत नाय. पन मी लायनी मोजतो."

"कसल्या लायनी?"

"बटन दाबल्यावर येतात त्या. च्या पिताना करायचा काय? दर मंगळवारी तीन येतात, लई तर चार. या मंगळवारी एकवीस आल्या. मी दोनदा मोजल्या." मग म्हणाले, "तांबेमास्तरांची पोर हाय ती. मी मास्तरांकडं चौथीपर्यंत होतो. ती खोटा बोलायची नाय. मंग एकवीस कशापायी आल्या?"

त्या ओळी म्हणजे यंत्राची कबुली होती. वीज जाताना काय काय अर्धवट राहिलं, काय काय टाकून द्यावं लागलं, ते यंत्र उठल्यावर एकेक ओळ लिहून सांगतं. माझ्या धंद्यातली ती सगळ्यात महत्त्वाची तपासणी, जी मी स्वतः त्या आठवड्यात केली नव्हती, ती चौथी शिकलेल्या माणसाने चहा पिता पिता केली होती. मला आधी राग आला. मग शरम वाटली. मग, खरं सांगतो, थोडी गंमतही वाटली, आणि तिच्या जोरावरच पुढचं धाडस झालं. नुसतं जाऊन कबूल करायची माझ्यात हिंमत नव्हती. पण एक खोडी काढायची म्हटली तर मी तेव्हा कशालाही तयार असायचो.

शनिवारी सकाळी अकराला मी देवधर साहेबांकडे गेलो. टंकलेखकाच्या टेबलावर बाईंचं पत्र टाइप व्हायला पडलं होतं. मी म्हणालो, "साहेब, ते पत्र जायच्या आधी यंत्राची एक चाचणी व्हायला हवी. पुण्याने विचारलं तर आपल्याकडे पुरावा असावा. चाचणी मात्र तुमच्याच हातची हवी. दुसऱ्या कुणाच्या नोंदीवर विश्वास कसा ठेवायचा?"

साहेबांना हे पटलं. तांबेबाईंनाही बोलावलं, साक्षीदार म्हणून. बाबूमामांना मी आधीच जनरेटरपाशी उभं केलं होतं. क्रोशाचा रुमाल निघाला. साहेबांनी चष्मा लावला आणि एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधून काढत, एका बॅचपुढे होल्ड टाकला. 'नोंद झाली' उमटलं.

"झाली नोंद?" मी विचारलं.

"झाली की. दिसतंय ना स्वच्छ."

"तांबेबाई, वेळ लिहून घ्या." त्यांनी वहीत वेळ लिहिली. मी दोन मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि खिडकीतून हात केला. पंखा मंदावला, दिवे गेले. अर्ध्या मिनिटात आले. बाबूमामा धावत यंत्राच्या खोलीत गेले. त्यांनी बटण दाबलं आणि आम्ही सगळे त्यांच्यामागे दारात उभे राहिलो. साहेबांनीही बूट काढले होते. त्यांच्या एका मोज्याला भोक होतं. बाबूमामा पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने मोजत होते. शनिवारी काम कमी, तरी नऊ भरल्या.

परत टेबलाशी येऊन साहेबांनी बॅच उघडली. पुढची जागा रिकामी होती. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"अहो, मी टाकला होता."

मी म्हणालो, "साहेब, यंत्र विसरत नाही."

"उतेकर, तुमच्यासमोर टाकलाय मी होल्ड."

तांबेबाई वहीकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "साहेबांना बस पकडायची घाई असेल."

बाबूमामांनी तोंडाला रुमाल लावला. साहेब बाईंकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली: गुरुवारी आपण काय बोललो, कुणाला बोललो. मग ते माझ्याकडे वळले. "असं का होतंय?"

बॅटऱ्यांचं नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं. ते खरंही होतं, आणि मागणीपत्र समोरच्याच ट्रेमध्ये होतं. ते उच्चारलं असतं तर साहेबांचीच कोंडी झाली असती आणि मी सहीसलामत सुटलो असतो. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "मी केलंय, साहेब. वेगासाठी एक आकडा बदलला. नोंदी दहा मिनिटं नुसत्या मेमरीत राहतात. पुस्तकात तसं करू नका म्हणून लिहिलंय. मी वाचलं होतं."

 साहेबांनी टंकलेखकाच्या टेबलावरून तो कागद आणला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "तांबेबाई, तुम्ही कामाला लागा," एवढंच म्हणाले. माफी मागणं त्यांना जमायचं नाही, पण दुपारच्या आत लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा प्रयोगशाळेत परत गेला, आणि महिनाअखेर बाई कायम झाल्या. नव्या बॅटऱ्या आठवड्यात आल्या. माझ्या मागणीपत्रापेक्षा साहेबांची एक हरवलेली नोंद फार वजनदार ठरली. पुण्याला दुसरं पत्र गेलं आणि तिथली जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. साहेबांनी मला एवढंच विचारलं, "त्या सहाशेने फायदा किती होत होता हो?"

मी हिशेब करून सांगितलं. खरा फायदा कप्प्यांचा होता. तीसचे सहाशे करून नोंदीमागे वाचत होते दोन-तीन सेकंद. बाकी सगळी माझी हौस.

मी लगेच आकडा तीसवर आणला, कर्नेल बांधला आणि यंत्र चालू केलं. त्या दुपारी सगळ्यांना बस मिळाली, शेवटचा माणूस तीन-नऊला चढला. बसमध्ये त्या दिवशी मला खिडकी कुणी दिली नाही. बातमी पसरली होती. तांबेबाई मधल्या सीटवर एकट्या बसल्या होत्या. मी दांडीला धरून त्यांच्याजवळ उभा राहिलो. एवढं तरी मी त्यांना सांगायला हवं होतं.

"बाई, मला गुरुवारीच कळलं होतं. साहेबांच्या खोलीतच."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं तोंड बघितलं होतं मी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मी काय बोलणार? मी आकडे बदलले नव्हते."  आवाज अजिबात चढलेला नव्हता. "यंत्राने माझी नोंद दहा मिनिटं पोटात ठेवली, उतेकर. तुम्ही दोन दिवस ठेवलीत."

बस निघाली.  हमरस्त्याच्या वळणावर मला तोल सावरता येईना, तेव्हा बाईंनी शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.